एकच स्कॅनर असेल तर डीएलएल.कॉन्फ छाटून टाकावी का?

खिळेजुळारी

लिनक्सवर स्कॅनिंग म्हणजे सेन (SANE), स्कॅनर चालवणारी सॉफ्टवेअर व्यवस्था. त्यात प्रत्येक जातीच्या स्कॅनरसाठी वेगळी लायब्ररी असते, तिला बॅकएंड म्हणतात. आपलं स्कॅनिंगचं अ‍ॅप त्या बॅकएंडशी थेट बोलत नाही. मध्ये ‘डीएलएल’ नावाचा आणखी एक बॅकएंड असतो. तो ईटीसीमधल्या सेन.डी फोल्डरातली डीएलएल.कॉन्फ वाचतो आणि तिच्यात ज्यांची नावं आहेत त्या लायब्ररी गरज पडेल तेव्हा लोड करतो. हॅशने (#) सुरू होणारी ओळ तो सोडून देतो.

माझं मत असं की ज्या मशीनला एकच स्कॅनर जोडलेला आहे, तिथे या फाइलीत एकच ओळ चालू असावी. लिनक्सच्या वितरणाबरोबर (डेबियन, उबंटू वगैरे) येणारी यादी, ‘नेट’ची ओळ सोडली तर, अबॅटन, अ‍ॅग्फाफोकस, अ‍ॅपल अशी सुरू होते. ही स्कझी केबलच्या काळातली यंत्रं आज कुठल्या वाचनालयात किंवा वकिलाच्या ऑफिसात उरली आहेत? तरी अ‍ॅपने स्कॅनरांची यादी मागितली की डीएलएल सगळ्यांना लोड करतो आणि प्रत्येकाला त्याचं यंत्र शोधायला लावतो. नेटवर्कवरून स्कॅनर वाटणाऱ्या मशीनचे पत्ते असलेल्या नेट.कॉन्फमध्ये बंद पडलेल्या एखाद्या मशीनचा पत्ता राहून गेला असेल तर टाइमआउट होईपर्यंत नुसतं बसायचं. व्ही४एल हा कॅमेऱ्यांचा बॅकएंड चालू असेल तर लॅपटॉपचा कॅमेराही स्कॅनर म्हणून यादीत येतो, आणि नवखा माणूस नेमका तोच निवडतो.

आमच्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांचं स्कॅनिंग चालतं. तिथल्या मशीनवर मी जेनेसिस हा बॅकएंड सोडून सगळ्या ओळींपुढे हॅश लावले. आता अ‍ॅप उघडलं की आमचा कॅननचा लायडी ११० स्कॅनर लगेच समोर असतो, दुसरं काही दिसतच नाही. सगळ्या छोट्या संस्थांनी असंच करावं असं मला वाटतं. तुमचं काय मत?

रातपाळी

पूर्ण असहमत.

तुमचा लायडी ११० उद्या बिघडला आणि कुणी त्याच्या जागी लायडी ३०० आणून लावला, तर काय होईल? नाव लायडीच, कंपनी तीच, दिसायलाही सारखाच. पण ११० चालतो जेनेसिसवर आणि ३०० चालतो पिक्समावर. जुना लायडी २५ सापडला तर त्याला प्लसटेक लागतो. तुमच्या मशीनवर हे दोन्ही बंद आहेत. स्कॅनर लावणाऱ्याला कसलाही एरर दिसणार नाही, फक्त ‘स्कॅनर सापडला नाही’. केबल बदलतील, पोर्ट बदलतील आणि शेवटी चांगला स्कॅनर दुकानात परत देऊन येतील. छाटणी करणारा माणूस तोवर दुसऱ्या गावी गेलेला असतो.

दुसरं म्हणजे डीएलएल.कॉन्फ ही पॅकेजची फाइल आहे. तिच्यात हाताने बदल केला आणि पुढे पॅकेजकडून तिची नवी आवृत्ती आली, की डेबियन अपडेटच्या मधेच विचारतं, तुमची फाइल ठेवू की नवी घेऊ? वाचनालयातल्या माणसाने याचं उत्तर काय द्यायचं? याच भानगडी टळाव्यात म्हणून डीएलएल.डी हे फोल्डर आहे. एचपीलिप किंवा एअरस्कॅनसारखी बाहेरची पॅकेजं त्यात आपली छोटी फाइल टाकतात, मूळ फाइलीला हात लावत नाहीत.

आणि वेगाचंच म्हणत असाल तर छाटणीची गरजच नाही. अ‍ॅपला यंत्राचं पूर्ण नाव दिलं, म्हणजे जेनेसिस, मग कोलन, मग यूएसबीचा पत्ता, की डीएलएल कोलनच्या आधीचं नाव बघतो आणि तेवढाच बॅकएंड लोड करतो. बाकीचे जागचे हलत नाहीत. टर्मिनलवरून चालणाऱ्या स्कॅनइमेज या प्रोग्रामसाठी हेच नाव सेन_डिफॉल्ट_डिव्हाइस या व्हेरिएबलमध्ये ठेवता येतं.

निळी शाई

रातपाळी, तुमचं शेवटचं म्हणणं कागदावर बरोबर आहे, पण वाचनालयात कुणी टर्मिनल उघडत नाही. तिथे साधं खिडकीतलं स्कॅन अ‍ॅप असतं आणि ते सुरू झाल्या झाल्या यादीच मागतं. शिवाय यूएसबीचा पत्ता कायमचा नसतो. केबल काढून परत लावली की शेवटचा आकडा बदलतो, मग तुमचं ते पूर्ण नाव काय कामाचं?

मी दहा-बारा ठिकाणची मशीन सांभाळते. फोनवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे “ताई, तीन स्कॅनर दिसताहेत, कुठला घेऊ?” त्यांच्या दृष्टीने छाटलेली यादी हाच खरा उपाय. माझा खिळेजुळारींना पाठिंबा.

पन्हाळ्याचा

तीन स्कॅनर दिसतात याचं कारण बहुतेक वेळा जुने बॅकएंड नसतातच. नवं मल्टिफंक्शन यंत्र नेटवर्कवर असेल तर ते ईएससीएल प्रोटोकॉल बोलतं. सेनमध्ये त्यासाठी ‘ईएससीएल’ नावाचा बॅकएंड आहे आणि वेगळ्या पॅकेजमधून येणारा एअरस्कॅनही तेच काम करतो, वर डब्ल्यूएसडी हा दुसरा प्रोटोकॉलही सांभाळतो. दोन्ही चालू असले की एकच यंत्र दोनदा दिसतं. त्यात निर्मात्याचा स्वतःचा ड्रायव्हर बसवला असेल तर तिसऱ्यांदा. इथे डीएलएल.कॉन्फमध्ये ईएससीएलच्या एका ओळीपुढे हॅश लावला की बरंच निवळतं. सगळी यादी कापायची गरज नाही.

खरं तर माझं मत याच्याही पुढचं आहे. संस्थांनी आता ड्रायव्हरविना चालणारीच यंत्रं घ्यावीत. यूएसबीने जोडलं तरी आयपीपी-यूएसबी ही सेवा त्याला नेटवर्कवरच्या यंत्रासारखं दाखवते आणि एअरस्कॅन ते उचलतो. मग हा बॅकएंडांचा वादच संपतो.

रातपाळी

पन्हाळ्याचा, ईएससीएलची एक ओळ बंद करण्याला माझी हरकत नाही. तिथे कारण नेमकं आहे आणि उलटं फिरवणंही सोपं आहे.

पण “नवीन यंत्रं घ्या” हे मला पटत नाही. दुसऱ्या सिस्टिमवर निर्मात्याने ड्रायव्हर देणं थांबवलं की फ्लॅटबेड स्कॅनर भंगारात जातो, काच आणि मोटर धडधाकट असूनही. तोच स्कॅनर सेनवर अजून चालतो, कारण कुणीतरी त्याच्या चिपचा अभ्यास करून बॅकएंड लिहिला आणि तो अजून त्या यादीत आहे. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाला याचं मोल किती आहे! आपण ज्या लांबलचक यादीला अडगळ म्हणतोय, तिच्यामुळेच ही यंत्रं जिवंत आहेत.

निळी शाई

यंत्रं जिवंत आहेत ती लायब्ररी डिस्कवर आहे म्हणून. ओळीपुढे हॅश लावल्याने लायब्ररी पुसली जात नाही.

उलट बाजूचाही अनुभव सांगते. एका निर्मात्याच्या ड्रायव्हर पॅकेजने डीएलएल.कॉन्फमध्ये आपली ओळ बिनचूक घातली, पण लायब्ररी ठेवली भलत्याच फोल्डरात. डेबियन जिथे शोधतं तिथे ती नव्हतीच. ओळ आहे, लायब्ररी नाही, आणि डीएलएल गप्प! जोडलेले स्कॅनर शोधणाऱ्या सेन-फाइंड-स्कॅनर या प्रोग्रामला यंत्र यूएसबीवर दिसत होतं, स्कॅनइमेजच्या यादीत नव्हतं. सेन_डिबग_डीएलएल हे व्हेरिएबल २५५ वर ठेवून चालवलं तेव्हा कुठे कळलं की कुठला बॅकएंड कुठे शोधला जातोय. योग्य फोल्डरातून त्या लायब्ररीकडे सिमलिंक (शॉर्टकट) केली आणि काम झालं. लांब यादीत त्या डिबगच्या ओळी वाचणं किती त्रासाचं होतं, ते वेगळंच.

खिळेजुळारी

लायडी ३०० चा मुद्दा वजनदार आहे, पण त्यावर उपाय आहे. मूळ फाइल तशीच ठेवायची. वेगळं फोल्डर करून त्यात छाटलेली डीएलएल.कॉन्फ ठेवायची आणि स्कॅनिंग करणाऱ्या युजरपुरतं सेन_कॉन्फिग_डिर, म्हणजे सेनने सेटिंगच्या फाइली कुठे शोधायच्या ते सांगणारं व्हेरिएबल, त्या फोल्डरकडे वळवायचं. शेवटी कोलन द्यायला विसरू नका. कोलन दिला तर बाकीच्या बॅकएंडांच्या फाइली नेहमीच्या जागी सापडतात. अपडेटमध्ये प्रश्न येत नाही. नवीन स्कॅनर आला तर अ‍ॅडमिनच्या लॉगिनमधून पूर्ण यादी हाताशी असतेच. एवढं केल्यावर छाटणीला विरोध का असावा, हे मला अजून कळलेलं नाही.

रातपाळी

या पद्धतीत पॅकेजची फाइल तशीच राहते, म्हणून माझा निम्मा आक्षेप जातो. उरलेला निम्मा असा की हे व्हेरिएबल कुठल्या तरी लपलेल्या प्रोफाइल फाइलीत असणार आणि पुढच्या माणसाला ते डीएलएल.कॉन्फमध्येही दिसणार नाही. म्हणून मूळ डीएलएल.कॉन्फच्या डोक्यावर हॅश लावून कुणी, कधी, कुठल्या मॉडेलसाठी यादी दुसरीकडे वळवली ते लिहा. हो, तेवढ्यासाठी मूळ फाइलीला हात लागेल आणि अपडेटचा प्रश्न परत येईल. मला तो चालेल, गुपचूप वळवलेली यादी चालणार नाही.

आणि ज्या मशीनवरून सेन्ड ही सेनची नेटवर्क सेवा चालवून स्कॅनर इतरांना वाटलाय, पोर्ट ६५६६ वर, तिथे हा प्रयोग वेगळा विचार करून करा. सेन्ड स्वतःच्या युजरने चालतो, तुमच्या लॉगिनमधलं व्हेरिएबल त्याला लागू होत नाही. त्याच्या नेट.कॉन्फमध्ये त्याच मशीनचा पत्ता नको, तो युजर स्कॅनर गटात हवा, आणि तो पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कबाहेर उघडू नका.