दक्षिण मुंबईसाठी थोडी भर

मुंबईतल्या आवडत्या बेकऱ्यांची यादी इथे वाचली. त्यात वांद्र्याचे क्रोसाँ भरपूर आले, पण ग्रँट रोड आणि धोबीतलाव राहिलेच की!

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलात की समोरच बी. मेरवान हे इराणी कॅफे, १९१४ पासूनचं. तिथला मावा (खव्याचा) केक सकाळीच खायचा. उशिरा गेलात तर रिकामे ट्रे बघून परत यावं लागतं, मालक कुणासाठी बाजूला काढून ठेवेल या भ्रमात राहू नका. वेलचीचा वास आणि कागदाला लागलेलं तूप, बस्स. वर आयसिंगबियसिंग काही नाही आणि नकोच. ज्यांना हा केक 'कोरडा' वाटतो त्यांनी तो चहाशिवाय खाल्लेला असतो, असं माझं ठाम मत आहे.

धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर कयानी, हेही इराणी कॅफे (१९०४). मावा केक तिथेही आहे, पण मी ब्रून मस्काच (कडक पाव आणि लोणी) घेतो. जवळच्याच गल्लीत पॅरिस बेकरी, तिथून खारी आणि बटासे (साखरेचे बत्तासे नव्हेत, खुसखुशीत बिस्किटं) बांधून घ्या. ट्रेनने जाणार असाल तर खारी हातातच धरा, बॅगेत भुगा होतो.

आणखी एक. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. धुराचं कारण पटतं. पण कडक पावाचं कवच लाकडाच्या भट्टीत जसं येतं तसं गॅसवर येतं का, याबद्दल मला शंका आहे. भट्टी बदलल्यानंतरचा ब्रून कुणी खाल्ला असेल तर बेकरीच्या नावासकट लिहा.