मदत हवी आहे: आजोबांचा स्मृतिदिन कोणत्या अदारात (हिब्रू महिना)?

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे अलिबागचे. आजोबा तिथे डॉक्टर. त्यांच्या मिक्श्चरच्या बाटल्यांवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी आजी कापून चिकटवायची. ते गेले ११ मार्च १९८७ला रात्री आठला, सूर्यास्तानंतर; आमचा दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणून हिब्रू तारीख ११ अदार. २०२७ला चाळीस वर्षं होतील, पण तेव्हा अधिक महिना, म्हणजे अदार दोनदा येतो! पहिला धरला तर १८ फेब्रुवारी. दुसरा धरला तर २० मार्च, नेमका शनिवार, म्हणजे शब्बाथ, आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, कबरीवर जाणं नाही. वाचून एवढं कळलं की अश्कनाझी (मध्य-पूर्व युरोपातले ज्यू) पहिला धरतात, सेफार्दी (मूळचे स्पेनकडचे ज्यू) दुसरा. इस्राएलमधल्या काकांना विचारलं, त्यांना आठवत नाही. मलिद्यासाठी (आमचा प्रार्थना आणि प्रसादाचा विधी) त्यांचीही तिकिटं काढायचीत. तुमच्या घरी कोणता अदार धरतात? आणि शनिवार आला तर कबरीवर आधी जातात की नंतर?