‘जागरूकता’ म्हणायचं की ‘सावधपणा’?

प्रश्न : आमच्या वॉर्डातल्या ज्येष्ठांसाठी आणि बचत गटांसाठी ऑनलाइन फसवणुकीवर वर्ग घ्यायचे आहेत. कोणाला नेमकं काय शिकवायला हवं, हे आधी विचारून घेणार आहोत. मसुद्यावर शीर्षक आलंय ‘माहिती सुरक्षा जागरूकता प्रशिक्षण गरज निर्धारण’. सोपं काय म्हणता येईल?

उत्तर : ‘गरज निर्धारण’ काढाच, ‘गरजेची चाचपणी’ पुरे. ‘जागरूकता’ चूक नाही, पण ती म्हणजे माहीत असणं. ‘सावध’मध्ये ‘अवधान’ आहे, म्हणजे ऐन वेळी लक्ष असणं. तुम्हाला हे दुसरं तपासायचंय.

आमच्याकडे बचत गटाच्या बैठकीत मी विचारलं, “ओटीपी कोणाला सांगायचा का?” सगळ्या एका सुरात “नाही!” मग विचारलं, “आणि सिलिंडर आल्यावर?” “तो सांगावाच लागतो की, नाहीतर टाकी देत नाहीत.” दोन्ही उत्तरं बरोबर. अडचण शब्दाची आहे. सिलिंडरचा आकडा म्हणजे माल मिळाल्याची पोच, बँकेचा आकडा म्हणजे व्यवहाराला दिलेली संमती, आणि आपण दोन्हींना ओटीपीच म्हणतो. तेव्हा प्रश्नावलीत ‘ओटीपी गुप्त ठेवता का?’ असं विचारलंत, तर शंभर टक्के ‘होय’ येईल आणि हाती काहीच लागणार नाही. ‘आकडा सांगण्याआधी तो कशासाठी आलाय हे मेसेजमध्ये वाचता का?’ असं विचारा. बऱ्याच जणी वाचत नाहीत, कारण मेसेज इंग्रजीत असतो. इथे खरी गरज दिसते.

पुरवणी : ‘पिन’चंही तसंच. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. त्याला ‘पैसे देण्याचा पिन’ म्हणून पाहा, अर्धी समजूत नावातच येते.

आणखी एक : पोलिस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर घाबरवतात, त्या ‘डिजिटल अरेस्ट’चं भाषांतर ‘डिजिटल अटक’ कृपया करू नका. कायद्यात असा प्रकारच नाही. ‘अटक’ म्हटलं की म्हाताऱ्या माणसाला तो पोलिसांचा अधिकार वाटतो आणि तो घाबरून फोन धरून बसतो. मी सरळ ‘व्हिडिओ कॉलवरची धमकी’ म्हणते.

प्रश्नकर्ता : बदल केले. शीर्षक आता ‘फोनवरच्या फसवणुकीपासून सावध : तुम्हाला काय शिकायचंय?’ शेवटी 1930 हा तक्रारीचा नंबर दिलाय. एक आजी त्याला साल समजल्या, म्हणून खाली ‘एक-नऊ-तीन-शून्य’ असं अक्षरी लिहिलं.