गुळातला करवंद जॅम ‘शुगर फ्री’ कसा काय?

नौपाड्याची सून (धागाकर्ती):

थोडं तापूनच लिहितेय, आधीच सांगते.

रविवारी आमच्या सोसायटीत उन्हाळी खाऊची टेबलं लागली होती. करवंदाचा जॅम, जांभळाच्या कांड्या, तुतीचं सरबत, खजुराचे लाडू. एका बरणीवर चिठ्ठी: ‘शुगर फ्री, नैसर्गिक गोडवा’. सासूबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह. त्यांचं लहानपण मुरबाडकडचं, करवंद म्हणजे जीव की प्राण. मी हौसेने बरणी आणली. ‘अगं, हे तर आमच्यासाठीच केलंय,’ म्हणत त्यांनी रात्री भाकरीबरोबर चांगले चार मोठे चमचे खाल्ले. दोन तासांनी मशीनवर रक्तातली साखर 271. एरवी जेवणानंतर 170 च्या आसपास असते.

दुसऱ्या दिवशी त्या ताईंना विचारलं. किलोभर गराला पाऊण किलो गूळ! ‘पण साखर नाही हो घातली,’ असं वर निरागसपणे.

गूळ म्हणजे उसाचा रसच आटवलेला ना? त्यात बहुतेक सगळी साखरच असते, रंग तेवढा वेगळा. अशा जॅमच्या 20 ग्रॅमच्या एका चमच्यात 10-12 ग्रॅम साखर सहज जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला शक्यतो 25 ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि त्या मोजणीत मध, काकवी, फळांचा रसही धरते. म्हणजे दोन चमच्यांत धट्ट्याकट्ट्या माणसाचा दिवसाचा कोटा संपला.

माझं म्हणणं एवढंच: गूळ घाला, मध घाला, काय हवं ते घाला, पण ‘शुगर फ्री’ लिहू नका.

पारसिकचा वारा:

शंभर टक्के सहमत. आमच्या ऑफिसात एक जण चहात साखर नको म्हणतो आणि तीन चमचे मध ढवळतो. मधात सुमारे 80 टक्के साखरच असते, उरलेलं बरंचसं पाणी. मधमाशीने केली म्हणून ती माफ होते की काय?

बरणीवाली बाई (कळवा):

मी त्या टेबलावर नव्हते, पण मीही गुळातला करवंद जॅम करते आणि विकते, म्हणून मला हे लागलं. चिठ्ठी चुकली, मान्य. पण ‘रंग तेवढा वेगळा’ यावर माझा आक्षेप आहे.

बाजारातल्या जॅमला नियमाने किमान 65 टक्के विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) घटक लागतात. त्यातली बहुतेक साखर. का? तर वर्षभर कपाटात टिकावा म्हणून. साखर पाणी धरून ठेवते, बुरशीला ते मिळत नाही. मला वर्षभर टिकवायचाच नाहीये. मी किलोला साडेतीनशे ग्रॅम गूळ घालते, लहान बरण्या भरते, ‘फ्रीजमध्ये ठेवा, तीन आठवड्यांत संपवा’ असं तोंडी सांगते आणि चिठ्ठीवरही लिहिते. पूर्ण पिकलेल्या काळ्या करवंदांत मूठभर लालसर, अर्धी कच्ची टाकते. त्यांच्यात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातलाच घटक, भरपूर, त्यामुळे एवढ्या कमी गोडातही जॅम धरतो. कच्च्यांचा चीक जावा म्हणून आधी मिठाच्या पाण्यात ठेवते.

आणि चव! करवंदाला जी मागे तुरट कड असते ती साखरेत बोचते, गुळात बसते. साखरेतला करवंद जॅम मला खोकल्याच्या औषधासारखा लागतो. लोक गूळ आरोग्यासाठी घेत असतील, मी जिभेसाठी घालते.

ऐरोलीकर काका:

गुळात लोह असतं. आमच्या आजीने गूळ-शेंगदाण्यावर दिवस काढले, नव्वदीपर्यंत खुटखुटीत होती. सगळं परंपरेचं मोडीत काढायची फॅशन आलीय.

नौपाड्याची सून:

काका, आजींना नमस्कार. पण लोह असतं किती? 100 ग्रॅम गुळात काही मिलिग्रॅम. लोहासाठी म्हणून गूळ खायचा तर ढेपच फोडायला बसावं लागेल. आजी शेतात राबत होत्या, आणि गुळाचा खडा खात होत्या. सासूबाई चौथ्या मजल्यावर लिफ्टने येतात.

ऐरोलीकर काका:

लिफ्टचा मुद्दा मान्य.

डबल रिफाइंड:

दोन्हीकडून एक गोष्ट सुटतेय. पिवळाधमक गूळ दिसला की लोक उड्या मारतात. तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस नावाचं रंग उजळवणारं रसायन घालून आणलेला असतो. मळी काढायला भेंडीच्या झाडाचं पाणी वापरायची जुनी पद्धत आहे, तसा केलेला गूळ काळपट, जरा मऊ. तो बघून गिऱ्हाईक नाक मुरडतं. तेव्हा ‘नैसर्गिक’ म्हणायच्या आधी कुठला गूळ ते तरी सांगा.

दोन पाळ्यांची आई:

मधाबद्दल राहून जायला नको म्हणून. मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नका, बोटालाही लावून नाही. त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणू सुप्त अवस्थेत असू शकतात. ‘बाळासाठी साखरेऐवजी मध’ असं लेबल परवाच एका घरगुती खाऊवर वाचलं म्हणून सांगितलं. बाकी चालू द्या, मला झोपायचंय.

आगळवेडी:

मूळची देवगडची, आता वाशीत. तुमचं सगळ्यांचं भांडण वाचून गंमत वाटली, कारण आमच्या घरी हा प्रश्न बरणीतच सुटलेला असतो.

रातांब्याचं, म्हणजे कोकमाच्या फळाचं, अमृत कोकम करतात तेव्हा सालीत साखर भरून बरणीला दादरा बांधून उन्हात ठेवतात. साखर सालीतला रस ओढून घेते, पाण्याचा थेंब घालावा लागत नाही. टिकतं छान, पण ग्लासभर सरबतात साखर किती ते विचारू नका. दुसरा प्रकार आगळ. त्यात रस टिकतो तो मिठावर. साखर नाही, गूळ नाही, आणि वर्षभर हलत नाही. प्यायच्या वेळी ज्याला जेवढं गोड हवं तेवढं त्याने घालावं. आजोबांना बिनसाखरेचं, जिरं घालून. आम्हा पोरांना दोन चमचे साखर.

म्हणजे टिकवायला मीठ, गोडवा पेल्यात. करवंद-जांभळाचंही असंच करा ना. गर काढून बिनगोडाचा फ्रीजरमध्ये टाका. सगळ्या बरणीला एकदाच गोड करून ठेवलं की घरातल्या सगळ्यांना एकाच मापाने मोजलं जातं.

बरणीवाली बाई (कळवा):

आगळ बरोबर, पण ताई, आगळात मीठ किती असतं? सासूबाईंना रक्तदाबही असेल तर?

आगळवेडी:

पेल्याला दीड-दोन चमचे आगळ पुरतं, पण रक्तदाब असेल तर तेही जपूनच, खरंय. फ्रीजरवाला गर मात्र बिनमिठाचा, त्यावर तरी भांडू नका.

पारसिकचा वारा:

साखरेऐवजी स्टीव्हिया? तीही गोड पानंच आहेत की.

डबल रिफाइंड:

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये वजन कमी करण्यासाठी असले पर्याय वापरू नका असं सुचवलंय, त्यात स्टीव्हियाही आहे. ती सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही, हेही तितकंच खरं. त्यांनी डॉक्टरांना विचारावं. करवंदात घालून पाहिली मी. मागून कडवट लागते, तुरटावर कडू. बायकोने बरणी परत केली.

जांभळी नाक्याचा जावई:

अहो, एवढं शिजवायचं कशाला मुळात? काल येऊरच्या रस्त्याला आदिवासी मावश्या बसल्या होत्या. ‘डोंगरची काळी मैना’ म्हणत पळसाच्या पानावर वाटा लावलेला. वरून मीठ भुरभुरलं, खाल्लं, बिया थुंकल्या, विषय संपला. फळाच्या आतली साखर चोथ्यासकट पोटात जाते. जॅम करताना आपण गर चाळणीवर घासून चोथा टाकतो आणि वर गूळ ओततो, म्हणजे उलटाच उद्योग. जांभळाचंही तेच. बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, एवढं टपोरं फळ, आणि आपण त्याच्या कांड्या गोठवून वर साखरेचा पाक ओततो! मावशीशी घासाघीस तेवढी करू नका. काटेरी जाळीत हात घालून काढलेली असतात ती, तिच्या मनगटांवर बघा एकदा.

बरणीवाली बाई (कळवा):

पहिला पाऊस पडला की महिनाभरात मैना गायब, मग डिसेंबरात तुम्ही काय खाणार? जॅम त्यासाठी आहे. घास-घास खाणाऱ्यांनी जॅमवर बोलू नये.

जांभळी नाक्याचा जावई:

डिसेंबरात बोरं खाईन.

नौपाड्याची सून:

बरणीवाल्या ताई, तुमचं पटलं. तुम्ही ‘गुळातला करवंद जॅम, किलोला 350 ग्रॅम गूळ’ असं छापलंत तर मी पहिली गिऱ्हाईक. मुलाच्या डब्याला घेईन. आमच्या सोसायटीतल्या ताईंनीही चिठ्ठी बदलायचं कबूल केलंय, जरा फुगून का होईना. ती बरणी आमच्याकडे अजून आहे, मुलगा पोळीला लावून संपवतोय.

सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. म्हणाल्या, जावयाला सांग, येऊरहून येताना आमचाही वाटा घेऊन ये. डॉक्टरांनी वाटीभर करवंदांना परवानगी दिलीय, जेवणानंतर नको म्हणालेत. आज सकाळी नौपाड्यातच मिळाली. आता नातवाबरोबर कोंबडा की कोंबडी चाललंय, दाताने फोडून आत लाल निघालं की कोंबडा, पांढरं निघालं की कोंबडी. आत्तापर्यंत कोंबडे नऊ, कोंबड्या चार, आणि सासूबाई दोनदा रडीचा डाव खेळल्यात.