धरण भरायचं की रिकामं ठेवायचं?

बांधीवाला, पवनी
काल इथं कुणीतरी ठोकून दिलं, "एकाच धरणात सिंचन, वीज, पूरनियंत्रण तिन्ही होतं, ओरडणाऱ्यांना विकासच नको." जेवण गोड लागलं नाही. अहो, पूर झेलायला धरणात जागा रिकामी लागते अन् नहराला, टर्बाइनला तेच भरलेलं लागतं. ऑगस्ट सरत आला की भरून घ्यायची घाई, आणि तेव्हाच वर मध्य प्रदेशात कोसळतो. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची 33 च्या 33 दारं उघडली. माझं हलकं धान गर्भावर होतं. पाणी ओसरलं तर बांधीत नुसता गाळ.

निवृत्त शाखा अभियंता
धरण नव्हतं तेव्हा वैनगंगेला पूर येत नव्हता काय? आजोबांना विचारा. कोणत्या महिन्यात किती पातळी ठेवायची हे ठरलेलं असतं, वरचं पाणी सोडून द्यायचं असतं. आणि पेंच नदीवरची धरणं बघा. तोतलाडोहला 160 मेगावॅटची टर्बाइनं फिरवून तेच पाणी खाली नवेगाव खैरीला अडतं, तिथून नहरात जातं. एका पाण्याची दोन कामं.

आंभोऱ्याचा भाचा
पाणी पाणी करून रायले, ते पाणी कसं हाय ते बोला ना! नागपूरचा सारा घाण नागनदीतून कन्हानात, कन्हानातून वैनगंगेत, अन् गोसीत येऊन थांबते. रोवणीले चिखलात उतरलं का पायाले खाज सुटते. मामाच्या घरी डोंग्याले जलपर्णीतून वाट काढा लागते.

नागपूरकर
सगळं खापर नागपूरवर फोडू नका. तुमच्या गावाचं सांडपाणी कुठं जातं?

आंभोऱ्याचा भाचा
गावात नालीच नाही, जाईन कुठं? तुमी धुवाचं अन् आमी प्याचं!

नागपूरकर
भाषा सांभाळा. शुद्धीकरणाला पैसा लागतो.

आंभोऱ्याचा भाचा
मेट्रोले नाही लागला?

निवृत्त शाखा अभियंता
विषय धरणाचा आहे, मेट्रोचा नाही!

बुडितातला
धरणाचाच बोलतो. गोसीखुर्दचं भूमिपूजन 1988 चं, मूळ अंदाज 372 कोटींचा, 2009 पासून राष्ट्रीय प्रकल्प. अडीच लाख हेक्टर भिजवायचं ठरलं होतं, हिशेब तुम्हीच करा. आमची जमीन दुसऱ्या एका धरणात गेली. नाव घेत नाही, वारसाच्या दाखल्यासाठी पुन्हा तेच कार्यालय गाठायचं आहे. बाबा गेले. पाटचारी नकाशात आमच्या धुऱ्यावरून जाते, धुऱ्यावर मात्र तुरी उभ्या आहेत. त्यापेक्षा आमचा मामा तलाव, म्हणजे गावचा जुना माजी मालगुजारी तलाव, बरा होता. गाळ काढला असता तरी पुरे.

निवृत्त शाखा अभियंता
मामा तलावानं वैनगंगेचा पूर अडवून दाखवा, मी सत्कार करतो. बरं, ऑगस्टात जागा रिकामी ठेवायला हवी, मान्य. पण ऑक्टोबरात पावसानं दडी मारली आणि धानाला शेवटचं पाणी नाही मिळालं, तर शिव्या घालायला पहिले तुम्हीच याल.

बांधीवाला, पवनी
येऊ, आणि घालू. तोवर एक करा, दारं उघडायच्या आधी गावात दवंडी द्या. व्हॉट्सॲपवर टाकू नका, पुरात पहिले लाइनच जाते.