भाऊ फौजेत आणि मी लिहिलं ‘युद्ध नको’. पोस्ट काढू का?

कळंबेकर (९ मे २०२५)
आमचा दादा मराठा लाइट इन्फंट्रीत, बारा वर्षं झाली. चुलतबहिणीच्या लग्नाला सुट्टीवर आला होता. काल हळदीतच फोन आला, सुट्टी रद्द. नखांतली हळद तशीच घेऊन सकाळी कोल्हापूरच्या सीबीएस स्टँडवरनं पुण्याची एसटी धरली, संध्याकाळी तिथनं झेलम एक्स्प्रेस. गडबडीत आईनं बांधलेली दशम्यांची पुरचुंडी माझ्याच हातात राहिली.

रात्री टीव्हीवाले कराची बंदर उडवलं म्हणून ओरडत होते. सकाळी ते खोटं निघालं, पण तोवर आबांच्या टाळ्या वाजवून झाल्या होत्या. आई मात्र हळदीची भांडी घासत बसलेली.

मी फेसबुकवर लिहिलं: ‘पहलगामला २६ माणसं मारणाऱ्यांना शोधा, शिक्षा करा. पण युद्ध नको. पूंछमध्ये तोफगोळ्यांनी लेकरं गेली. माझा भाऊ आज झेलमनं जम्मूला निघालाय, म्हणून बोलते.’

मामांचा लगेच फोन, “फौजींच्या गावात, सैनिक टाकळीत जाऊन वाच हे, मग बघ!” मामांशी भांडायला मी खंबीर आहे. पण वहिनी म्हणाली, “वन्सं, तिकडं त्यांना साहेब बोलावून घेतील हो. काढा ते.” हे मात्र पोटात गेलं. खरंच त्याला त्रास होईल का?

गडहिंग्लजची सून
अजिबात काढू नका. १९९९ला आमचे हे कारगिलला होते. सासूबाई रोज तुळशीपुढं हात जोडून म्हणायच्या, “थांबव गं बाई हे.” त्यांना कुणी देशद्रोही म्हटलं नाही. तुम्ही तेच म्हणालात, फक्त फेसबुकवर.

पेठकरी
त्या २६ जणांच्या घरी जाऊन सांगा ‘युद्ध नको’. काय बोलायचं ते नंतर बोला की. भाऊ निघाला त्याच दिवशी?

रिटायर हवालदार
पोरी, राजकारणावर जाहीर लिहाय-बोलायची बंदी फौजीला. आर्मी अ‍ॅक्ट, १९५४चे आर्मी रूल्स त्याला लागू, तुला न्हाई. २०२०ला फेसबुकसकट ८९ अ‍ॅप काढाय लावली, ती बी जवानांच्या मोबाइलमधनं. लाइनीत चार पोरं चिडवतील, तेवढं तो खपवतोय.

पण ‘झेलमनं निघालाय’ हे काय गं? पलटण, गाडी, दिवस, समदं सांगून मोकळी. वर हितंबी तेच. तुझं मत ऱ्हाऊ दे, गाडी काढ आधी.

कळंबेकर
काका, डोक्यातच आलं नाही. तिथलं काढलं, इथलं संपादकांना काढायला सांगितलंय. पण ते वाक्य गेल्यावर पोस्ट वाचली तर कुणीतरी बाई उगाच उपदेश करतेय असं वाटलं. दादाचं नाव पुढं करूनच मी बोलत होते म्हणायचं. तरी ठेवलीय. वहिनीला दाखवली, “बरं” म्हणाली. पटलंय असं काही दिसलं नाही.

कळंबेकर (११ मे)
काल पाचला शस्त्रसंधी झाली. मामांच्या मते अर्धवट सोडलं. रात्री दादाचा फोन आला, कुठनं ते लिहीत नाही! वहिनीनं त्याला सगळं सांगितलेलं होतं. पोस्टचा विषय मी काढणार, तेवढ्यात त्यानंच विचारलं, “माझ्या दशम्या तूच संपवल्यास न्हवं?”