बेल्टवालं टर्नटेबल नको

दादा, लातूरला घरी डीजेगिरी शिकणाऱ्या भावासाठी कुठलं टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) घ्यावं असं तुम्ही विचारलंय, आणि स्पीकर बसवलेलं, बेल्टवर फिरणारं स्वस्त टर्नटेबल बघताय. कळकळीनं सांगतो, ते घेऊ नका. गाणी ऐकायला ठीक आहे. डीजेला मात्र रेकॉर्ड हातानं थांबवायची, मागं ओढायची असते आणि सोडल्याबरोबर पूर्ण वेग लागतो. बेल्टला ते झेपत नाही. डायरेक्ट ड्राइव्हच बघा, त्यात मोटर थेट प्लॅटरखाली, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीखाली असते. पिच फेडर, म्हणजे वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी, अधिक-उणे ८ टक्क्यांचा तरी हवाच, नाहीतर दोन गाण्यांचा ठेका जुळवायचा कशानं?

वरच्या उत्तरांत कुणी टेक्निक्स एसएल-१२०० हे टर्नटेबल सुचवलंय. १९७२ पासूनचं ते नाव, मजबुतीत तोड नाही, पण नवशिक्याच्या खिशाला जड. त्यापेक्षा ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२० किंवा रीलूपचं आरपी-२००० बघा.

आणि हो, टर्नटेबल दोन लागतात. वर मिक्सर (दोन्हींचा आवाज एकत्र करणारं यंत्र), सुया, स्लिपमॅट (रेकॉर्डखालची घसरती चकती), रेकॉर्डींचा खर्च वेगळाच. एवढं आत्ता जमत नसेल तर पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ कंट्रोलर घ्या, लॅपटॉपमधली गाणी डीजेसारखी वाजवायचं ते यंत्र, लॅपटॉपला जोडून चालतं. फक्त ठेका आपोआप जुळवणारं सिंकचं बटण बंद ठेवून, कानानं ठेका जुळवायला लावा त्याला.